समुद्रापार राहिलेली आपली माणसं



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा कोणी धम्मावर लिहितं, कोणी शिक्षणावर, कोणी व्यसनमुक्तीवर. यंदा मंडळाची पोरं घरी आली आणि म्हणाली, दादा, तुम्ही इतिहासाची पुस्तकं वाचता, तुम्ही इतिहासावर लिहा. मी काही इतिहासकार नाही. रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं तापलेल्या लोखंडापुढं उभा राहिलेला माणूस, शिक्षण दहावी नापास. जे काही वाचलं ते रात्रपाळीला जायच्या आधी, नाहीतर सुट्टीच्या दिवशी. लिहिण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावी. विषय मात्र मनात तीन-चार वर्षांपासून घोळत होता.

१ जानेवारीला आपल्या वस्तीतून कोरेगाव भीमाला गाडी जाते. रात्री निघायचं, पहाटे थंडीत पोचायचं, रांगेत उभं राहायचं आणि विजयस्तंभाला मानवंदना द्यायची. १ जानेवारी १८१८ ची लढाई आपल्या लेकरांनाही आता पाठ आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथं आले आणि तेव्हापासून तो दगड आपला झाला. पण गर्दीत पुढं सरकताना त्या दगडावर काय कोरलंय ते किती जण बघतात? तिथं पडलेल्या शिपायांची नावं आहेत. साध्या शिपायांची. त्यातली २२ नावं महार शिपायांची, शेवटी ‘नाक’ लागणारी. गावात ज्यांच्या सावलीचा विटाळ व्हायचा त्यांची नावं दगडावर, कोणालाही वाचता येतील अशी.

ती नावं बघताना मला दरवर्षी माझ्या आज्जीचा मामा आठवतो. तो समुद्रापार गेला आणि तिकडंच राहिला. त्याचं नाव कुठल्याच दगडावर मला सापडलं नाही. खरं सांगायचं तर त्याचं नाव मलाही माहीत नाही.

आज्जीचं माहेर नगर जिल्ह्यात, नेवाशाकडं. नगर म्हणजे इंग्रजी मुलूख आणि आपलं जालना निजामाच्या राज्यात, म्हणजे लग्न होऊन ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली. रात्री अंगणात बाज टाकून पडली की ती म्हणायची, ‘माझा मामा बसऱ्याला गेला. लढाईवर गेला. त्यो काय परत आला न्हाई.’ आम्हा पोरांना बसरा म्हणजे काय, ठाऊक नव्हतं. वैजापूर-गंगापूरसारखं एखादं गाव असेल असं वाटायचं. तिला मामाचा चेहरा आठवत नव्हता, ती चार-पाच वर्षांची होती. त्याच्या डोक्याचं लाल पागोटं तेवढं आठवायचं. ती कायम ‘मामा’ म्हणायची, म्हणून आम्हीही ‘बसऱ्याचा मामा’ म्हणायचो. नाव काय होतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. १९८६ मध्ये आज्जी गेली आणि विचारायचं राहून गेलं.

मामा गेल्यावर काही वर्षांनी सरकारातून एक बिल्ला आला होता. तो आज्जीच्या आईकडं, म्हणजे त्याच्या बहिणीकडं आला आणि तिनं तो आज्जीला दिला. आज्जी सांगायची, तांब्याचा गोल बिल्ला होता, रुपयापेक्षा मोठा. एका बाजूला राजाचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. ‘अंगावर कापड न्हाई मेल्याच्या,’ असं म्हणून ती तोंडाला पदर लावायची. कडेला बारीक अक्षरं होती. इंग्रजी. ती वाचणारं घरात कोणी नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळात तो बिल्ला गेला. त्या दुष्काळाचं वर्णन जालन्यातल्या जुन्या माणसांपुढं काय करायचं! माझी आई खडी फोडायच्या कामावर होती, मी तिच्या मागं पाटीत. घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. शेवटी एक हंडा गेला आणि तागडीत वजनाला म्हणून बिल्लाही टाकला. मोडवाल्यानं वजन केलं, पैसे दिले, त्याची ज्वारी आली. आईला मी कधी दोष दिला नाही, कोण देईल? पण पुढं मला कळलं की त्या बिल्ल्याच्या कडेवर कोरलेलं असतं ते त्या माणसाचा नंबर, नाव आणि त्याची तुकडी. म्हणजे मामाचं नाव आमच्या घरात पन्नासएक वर्षं होतं. वाचता येत नव्हतं एवढंच.

आता इतिहासाकडं येतो.

कोरेगावला लढलेल्या महार शिपायांच्या पिढ्या इंग्रजांच्या मुंबई सैन्यात होत्या. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार, त्यांचे आजोबा मालोजी, सगळे पलटणीतले. १८९० नंतर इंग्रज साहेबांच्या डोक्यात ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ असं खूळ शिरलं आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बळावर राज्य मिळवलं त्यांनाच बिनलढाऊ ठरवलं. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडं अर्ज पाठवला, आम्हाला पलटणीत आणि पोलिसात घ्या म्हणून. उपयोग झाला नाही.

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि माणसं कमी पडायला लागली, तेव्हा साहेबाला पुन्हा आठवण झाली. जून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, गरज सरली, आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय!

पण १९१७ पर्यंत भरती बंद होती म्हणजे आपली माणसं युद्धावर नव्हती, असं नाही. हे मला फार उशिरा कळलं. सैन्य नुसत्या बंदुकीवर चालत नाही. त्याला पाणी भरणारा भिस्ती लागतो, खेचर हाकणारा लागतो, जखमीची डोली उचलणारा लागतो, बोटीतून गोणी उतरवणारा हमाल, रेल्वेचे रूळ टाकणारा मजूर, संडास साफ करणारा मेहतर लागतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून अशी साडेपाच लाखांवर माणसं घेतली गेली. तुरुंगातल्या कैद्यांच्याही मजूर तुकड्या करून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला पाठवल्या. बसरा हे तिथलं बंदर. हिंदुस्थानातून जाणारा दाणागोटा, दारूगोळा, जनावरं आणि माणसं तिथं उतरायची. शिपाई जातीवरून नाकारायचा आणि हमाल म्हणून तोच माणूस बोटीत चढवायचा, असा तो हिशेब.

तिथलं युद्ध भयंकर झालं. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन कुत-अल-अमारा इथं वेढ्यात सापडली. मराठा पलटणी त्यात होत्या. घोडे, खेचरं खाऊन त्यांनी दिवस काढले आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यांना सोडवायला गेलेल्या फौजेतही हजारो मेले. आपल्या भागाशी जुना संबंध असलेली एक पलटण त्या मोहिमेत होती. जालन्याला इंग्रजांची छावणी होती, ती १९०३ पर्यंत. तिथं हैदराबाद कंटिंजंटचं सैन्य असायचं. ते सैन्य पुढं इंग्रजांच्या मुख्य लष्करात मिळवलं आणि त्यातूनच झालेली ९७ वी डेक्कन इन्फंट्री मेसोपोटेमियात लढली. गोळीनं मेले त्यापेक्षा कमी नव्हते पटकी, ताप आणि उन्हानं मेलेले. गोळी लागून मेलेला शिपाई निदान कागदावर तरी येतो. पटकीनं मेलेल्या हमालाचं काय?

जुन्या छावणीकडच्या इंग्रजांच्या कबरी मी लहानपणी पाहिल्यात. आम्ही तिकडं चिंचा पाडायला जायचो. काही मोडल्या होत्या, काहींवर झुडपं वाढली होती, पण दगडावर अक्षरं होती. नाव, पलटण, तारीख, वय. एखाद्या साहेबाचं दोन वर्षांचं लेकरू तापानं मेलं तर त्याचंही नाव. दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखातल्या लेकराचं नाव आज जालन्यात वाचता येतं. याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याच जिल्ह्यात, भोकरदनकडच्या असईला, २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांवर माणसं होती. त्यात स्कॉटलंडहून आलेले गोरे होते, तसे मद्रासकडचे काळे शिपाईही होते. मेलेल्या अंमलदारांची नावं पुस्तकात मिळतात. मद्रासी शिपायांची कुठं शोधायची? आणि शिंद्यांच्या बाजूनं जे पडले त्यांची?

तर बसऱ्याकडं परत.

युद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, इंग्रजांनी एक कमिशन नेमलं. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात. जगभर पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणं हे त्याचं काम. तत्त्व फार चांगलं ठरवलं होतं. जनरल असो की शिपाई, गोरा असो की काळा, धर्म कुठलाही असो, सगळ्यांचा दगड सारखा, आणि प्रत्येकाचं नाव कोरायचं. वाचून मला वाटलं, ही तर आपलीच भाषा झाली! माणूस मेल्यावर तरी समता.

आता बसऱ्याला काय केलं ते बघा. ज्यांची कबर सापडत नाही अशा ४०,००० वर माणसांसाठी बसरा मेमोरियल नावाचं मोठं स्मारक बांधलं. २७ मार्च १९२९ ला त्याचं उद्घाटन झालं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत. हिंदी अंमलदारांची, म्हणजे सुभेदार-जमादारांचीही आहेत. पण खालचे हिंदी शिपाई, नाईक, हवालदार, मजूर यांची नावं कोरली नाहीत. पलटणीचं नाव, अंमलदारांची नावं, आणि खाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असा आकडा. बस्स. १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनं कोरेगावच्या दगडावर साध्या शिपायाचं नाव कोरलं, आणि शंभर वर्षांनी समतेची भाषा करणाऱ्यांनी त्याच शिपायाच्या नातवा-पणतवाचा नुसता आकडा कोरला.

हे स्मारक पूर्वी बसऱ्याच्या गोदीजवळ होतं. सद्दाम हुसेनच्या राजवटीत १९९७ मध्ये ते उचलून शहरापासून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं. म्हणजे ज्या धक्क्यावर आपल्या माणसांनी गोणी उतरवल्या तिथून ते दगडही गेले. त्याच देशात अमारा इथं नदीच्या डाव्या तीरावर हिंदी सैनिकांचं स्मशान आहे. तिथं सुमारे ५,००० माणसं आहेत आणि त्यातली नावानिशी ओळख आहे फक्त ९ जणांची. पुरताना नीट नोंदच ठेवली नाही म्हणून. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं समजलो. दुसऱ्या ठिकाणी पाहिलं, तिथंही नऊच.

फ्रान्समध्ये मात्र असं केलं नाही. तिथल्या नव्ह शापेल गावात मार्च १९१५ मध्ये मोठी लढाई झाली होती. तिथं १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक झालं आणि त्यावर ४,७०० हून जास्त शिपायांची आणि मजुरांची नावं कोरलेली आहेत. बंधूंनो, त्या स्मारकाच्या दर्शनी भागात एक उंच स्तंभ आहे, पंधराएक मीटरचा, वर कमळ. तो सम्राट अशोकाच्या स्तंभाची आठवण म्हणून उभा केलाय! फ्रान्सच्या शेतात अशोकाचा स्तंभ. फोटो पाहून मी मिलमधल्या चार जणांना दाखवला. मग विचार आला, कलिंगात किती मेले ते अशोकानंही आकड्यातच लिहिलं, एक लाख. नावं त्यानंही लिहिली नाहीत. पण त्या आकड्याखाली त्यानं आपला पश्चात्ताप लिहिला. बसऱ्याच्या आकड्याखाली कोणाचा पश्चात्ताप आहे?

फ्रान्समध्ये नाव आणि इराकमध्ये आकडा, असं का? मला वाटतं, फ्रान्समध्ये बघायला येणारे होते. इराकमध्ये कोण येणार होतं? नेवाशाची एक बाई तिथं जाऊन भावाचं नाव शोधणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या मराठी माणसाची नाही, पण आपली आहे. सुखा नावाचा माणूस, बरेलीचा, जातीनं मेहतर. इंग्लंडमध्ये ब्रोकनहर्स्ट गावी हिंदी जखमींसाठी लेडी हार्डिंग हॉस्पिटल होतं, तिथं तो झाडूकामावर होता. १२ जानेवारी १९१५ ला तो वारला, वय ३०. आता त्याचं करायचं काय? तो अस्पृश्य म्हणून हिंदू त्याला आपल्यात जाळू देईनात. मुसलमान नव्हता म्हणून वोकिंगच्या मुसलमानांच्या दफनभूमीत जागा मिळेना. सात समुद्र ओलांडले तरी जात त्याच्या मढ्यापर्यंत पोचली. शेवटी त्या गावच्या चर्चचे पाद्री आर्थर चेंबर्स पुढं आले आणि त्यांनी त्याला आपल्या चर्चच्या आवारात पुरलं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. तो ख्रिश्चन नव्हता, पण त्याचं आयुष्य दुसऱ्यांसाठी गेलं, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. त्याचं नाव आहे, वय आहे, मोहल्ल्यासकट बरेलीचा पत्ता आहे. एका मेहतराच्या नावाचा इतका पूर्ण दगड त्या काळात हिंदुस्थानात तरी कुठं असेल का?

हे सगळं मी वाचत होतो तरी बसऱ्याचा मामा माझ्या डोक्यात शिपाईच होता. आज्जी ‘लढाईवर गेला’ म्हणायची. भाषणातही मी दोन-तीनदा छाती पुढं काढून सांगितलं होतं की आमच्या घरचा माणूस पहिल्या महायुद्धात लढला. एकदा माझ्या मुलीनं मोबाईलवर त्या काळातल्या पदकांची चित्रं दाखवली. एका पदकावर राजा पाचव्या जॉर्जचं तोंड आणि मागं घोड्यावर बसलेला उघडा माणूस, घोड्याच्या पायाखाली गरुडाची ढाल आणि कवटी. मी ओरडलोच, हाच तो! आज्जीचा बिल्ला! त्याचं नाव ब्रिटिश वॉर मेडल. मुलगी पुढं वाचत गेली आणि म्हणाली, पप्पा, शिपायांना हे चांदीचं द्यायचे. मजूर आणि हमाल तुकड्यांना हेच ब्राँझचं द्यायचे.

आज्जी तांब्याचा म्हणायची.

मी थोडा वेळ गप्प बसलो. मामा शिपाई नव्हता. त्याच्या हातात बंदूक नव्हती, पाठीवर गोणी होती, नाहीतर खांद्यावर डोली. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. ज्या भाषणात त्याला शिपाई केलं होतं ती आठवून लाजही वाटली. मग दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेलो. आमच्याकडं भट्टीपुढं कंत्राटाची पोरं असतात, त्यांना नाव कोणी विचारत नाही. ‘ए बिहारी’, ‘ए लातूर’ अशी हाक. हजेरीच्या वहीत नाव असतं, पण ती वही कंत्राटदाराजवळ. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडं बघत बसलो आणि मनात आलं, मी स्वतः आयुष्यभर ओझं उचललं, मग हमाल मामाची मला लाज का वाटावी? आपण कोरेगावच्या शूरांना वंदन करतो, ते केलंच पाहिजे. पण मेलेला हमाल शिपायाइतकाच मेलेला असतो.

चांदीचं पदक आणि ब्राँझचं पदक, नाव आणि आकडा. जातीसारखीच ती उतरंड आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्या कमिशननं स्वतःच चौकशी करून अहवाल काढला. त्यात त्यांनी मान्य केलं की हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५,००० ते ५४,००० मृतांना गोऱ्यांपेक्षा वेगळी वागणूक दिली गेली. आणि कमीत कमी १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसं अशी की त्यांची नावानं आठवणच ठेवली नाही, किंवा अजिबातच ठेवली नाही. कारण काय, तर वंशभेद. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली. इंग्लंडमध्येच ब्रायटनजवळ ५३ हिंदू-शीख सैनिकांना जाळलं होतं तिथं १९२१ पासून छत्री आहे. तिथं त्यांची नावं लागली ती २०१० मध्ये.

नावाला एवढं काय महत्त्व, असं कोणी विचारेल. पण मराठवाड्यातल्या बौद्ध माणसाला हे कोणी सांगायचं? विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि त्यानंतर गावोगाव आपली घरं जळली, माणसं मारली गेली. मी दहा वर्षांचा होतो. आई आम्हाला घेऊन रात्रभर ज्वारीच्या रानात बसली होती. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे सोळा वर्षं लागली. एका नावासाठी आपण काय सोसलं हे घराघराला माहीत आहे.

दुसऱ्या महायुद्धात चित्र थोडं बदललं, आणि त्यामागं बाबासाहेब होते. व्हाइसरॉयनं १९४१ मध्ये त्यांना संरक्षणविषयक समितीवर घेतलं. महारांची स्वतंत्र पलटण हवी हा त्यांचा आग्रह होता. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. सुरुवातीच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. दुसरी पलटण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. त्या युद्धात ब्रह्मदेशात पडलेल्या आणि कबर न सापडलेल्या जवळजवळ २७,००० जणांचं स्मारक रंगूनजवळ तौक्यान इथं आहे. तिथं आकडा नाही, साध्या हिंदी शिपायांचीही नावं कोरलीत. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे. मराठा पलटणीतला हा तरुण १० जुलै १९४४ ला पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेला रंगूनला गेले होते. आपल्यातलं कोणी ब्रह्मदेशाच्या धम्मयात्रेला गेलं तर श्वेडगॉन पॅगोडा बघून झाल्यावर अर्धा दिवस तौक्यानसाठी काढावा. सोबत दोन फुलं आणि मेणबत्ती न्यावी.

आता कामाचं बोलतो. बसऱ्याच्या दगडावर जी नावं नाहीत ती कमिशनच्या दप्तरात आहेत, आणि आता मोबाईलवर फुकट बघता येतात. मजुरांच्या तुकड्यांतलीही त्यात आहेत. नाव, नंबर, तुकडी यातलं काहीतरी माहीत पाहिजे. बापाचं नाव किंवा गाव माहीत असेल तर अजून सोपं. माझ्या मुलीनं दोन महिने शोधलं. एकाच नावाची पंधरा-पंधरा माणसं निघतात. मी आज्जीच्या माहेरी जाऊन आलो. तिथल्या म्हाताऱ्यांना ‘आपल्यातला एक जण बसऱ्याला गेला होता’ एवढंच ऐकून माहीत. एका माणसानं माडीवरची पेटी उघडून जुने कागद दाखवले, त्यात जमिनीचे उतारे आणि एक देवीचा फोटो निघाला, बाकी काही नाही.

माझ्यासारखं तुमचं होऊ नये म्हणून विहारात एक वही ठेवली आहे. साधी दोनशे पानांची, वर निळं कव्हर. ज्यांच्या घरातलं कोणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात, शिपाई म्हणून असो, हमाल, भिस्ती, खेचरवाला म्हणून असो, परदेशात गेलं होतं, त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर येऊन लिहावं. घरात जुना बिल्ला, पेन्शनचा कागद असेल तर घेऊन यावं. बिल्ल्याची कड उजेडात धरून वाचायची असते, मुलगी वाचून देईल. घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं जातात. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा. ‘मामा’, ‘आजा’ एवढ्यावर थांबू नका, नाव विचारा.

आतापर्यंत चार नोंदी झाल्यात. एका आजींनी सासऱ्यांची पेन्शनची वही आणली, महार रेजिमेंटची, त्यावर नाव, नंबर सगळं आहे. एका घरी नुसता रंगूनचा फोटो आहे. तिसऱ्या घरातल्यांना नाव पाठ होतं, बाकी काही नाही. पहिली नोंद माझी आहे. तिथं मी असं लिहिलंय: नाव, रिकामं. गाव, नेवाशाकडचं. काम, बहुतेक हमाल किंवा मजूर. ठिकाण, बसरा. ओळख, लाल पागोटं. सांगणारी, त्याची भाची. नावाची ओळ मी पेन्सिलीनं आखून ठेवली आहे.